रिमोट डेस्कटॉप सर्व्हर : परवाने कसे मोजायचे आणि मांडणी कशी करायची?



संगणकाचा कोर्स केलेल्या मुलाला गावात हमखास एक काम सांगितलं जातं. "आपल्या दोन्ही-तिन्ही दुकानांचा हिशेब एकाच ठिकाणी दिसला पाहिजे, तेवढं करून दे." ऐकायला काम सोपं वाटतं. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून ते एका दिवसात चालूही होतं. पण चालू होणं वेगळं आणि चालू राहणं वेगळं. मधली अडचण बहुतेक वेळा केबलची किंवा सॉफ्टवेअरची नसते, ती परवान्याची असते. म्हणून आजच्या पाठात रिमोट डेस्कटॉप सर्व्हर म्हणजे काय, त्याचे परवाने कसे मोजतात आणि छोट्या व्यवसायात त्याची मांडणी कशी करावी हे क्रमाने पाहू.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. धर्मापुरीत एक कृषी सेवा केंद्र आहे असं समजा. खत, बियाणं, औषधं यांची विक्री. मुख्य दुकान धर्मापुरीत, एक शाखा परळीला, एक घाटनांदूरला. धर्मापुरीत ३ संगणक, बाकी दोन्हीकडे २-२. घाटनांदूरच्या गिऱ्हाइकाला सोयाबीनचं बियाणं हवं असलं, तर ते परळीच्या शाखेत शिल्लक आहे की नाही हे तिथल्या तिथे कळायला हवं. हे उदाहरण शेवटपर्यंत आपल्यासोबत राहील.

रिमोट डेस्कटॉप सर्व्हर म्हणजे काय?

एरवी प्रत्येक संगणकावर वेगळं सॉफ्टवेअर आणि वेगळा डेटा असतो. रिमोट डेस्कटॉप पद्धतीत सगळं काम एका सर्व्हरवर होतं. शाखेतल्या संगणकावरून फक्त कीबोर्ड-माऊसच्या हालचाली सर्व्हरकडे जातात आणि सर्व्हरकडून पडद्याचं चित्र परत येतं. म्हणजे बिल परळीत बसलेला मुलगा करतो, पण ते तयार होतं धर्मापुरीच्या सर्व्हरवर. प्रत्येकाला सर्व्हरवर स्वतःची वेगळी खोली मिळते असं समजा. या खोलीला 'सेशन' म्हणतात. एकाच वेळी दहा सेशन चालू असले तरी एकाचं काम दुसऱ्याला दिसत नाही.

मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या 'टर्मिनल सर्व्हर एडिशन'मधून आणली. पुढे विंडोज सर्व्हर २००८ आर-टू या आवृत्तीपासून तिचं नाव 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' झालं. थोडक्यात तिला आरडीएस म्हणतात. जुने लोक अजूनही 'टर्मिनल सर्व्हर' म्हणतात. दोन्ही एकच.

आपल्या भागासाठी या पद्धतीचा मोठा फायदा आहे. समजा घाटनांदूरला बिल करता करता लाईट गेली. संगणक बंद पडला, पण सेशन सर्व्हरवर जिवंतच असतं. लाईट आल्यावर पुन्हा जोडणी केली की अर्धवट बिल जसंच्या तसं समोर येतं. अट एकच, धर्मापुरीच्या सर्व्हरला चांगला यूपीएस हवा. सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की टोपली जपावीच लागते.

साध्या विंडोजवर हे का होत नाही?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. विंडोज होम आवृत्तीच्या संगणकात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरताच येत नाही. प्रो आवृत्तीत येतं, पण एका वेळी एकालाच. बाहेरून कुणी शिरला की समोर बसलेल्याचा पडदा कुलूपबंद होतो. काही जण सिस्टीमच्या फायली बदलणारी छोटी सॉफ्टवेअर टाकून प्रो आवृत्तीतच पाच-सहा जणांना घुसवतात. हा जुगाड परवान्याच्या अटींत बसत नाही. शिवाय विंडोजचं एखादं अपडेट आलं की तो बंद पडतो, आणि ते अपडेट कधी येईल हे आपल्या हातात नसतं.

विंडोज सर्व्हर विकत घेतलं तरी त्यात आपोआप दोनच रिमोट सेशन मिळतात. ती दोन सर्व्हरची देखभाल करण्यासाठी आहेत, बिलं फाडण्यासाठी नाहीत. रोजच्या कामासाठी माणसं बसवायची असतील तर आरडीएस बसवावं लागतं आणि त्याचे परवाने घ्यावे लागतात.

तीन थरांचा परवाना

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून नीट लक्ष द्या. लग्नाचं उदाहरण घेऊ. मंगल कार्यालयाचं भाडं वेगळं, आत येणाऱ्या माणसांचा खर्च वेगळा आणि जेवणाच्या ताटाचे पैसे आणखी वेगळे. सर्व्हरचंही तसंच आहे.

पहिला थर : विंडोज सर्व्हरचा परवाना. हे कार्यालयाचं भाडं. २०१६ च्या आवृत्तीपासून तो प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचा परवाना घ्यावाच लागतो. तुमच्या मशीनला ८ कोअर असले तरी हिशेब १६ चाच.

दुसरा थर : सर्व्हर कॅल. कॅल म्हणजे सर्व्हरची सेवा वापरण्याचा हक्क. सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाला किंवा उपकरणाला तो लागतो.

तिसरा थर : आरडीएस कॅल. सर्व्हरवर सेशन उघडून काम करायचं असेल तर दुसऱ्या थराच्या जोडीला हा लागतो. एक घेतला म्हणून दुसरा माफ होत नाही.

कोटेशन हातात आलं की त्यात हे तिन्ही थर वेगवेगळ्या ओळींत आहेत का ते बघा. नसतील तर विचारा. कमी किमतीचं कोटेशन पुष्कळदा तिसरा थर गाळल्यामुळेच कमी असतं.

पाट मोजायचे की माणसं?

आरडीएस कॅल दोन प्रकारचा असतो : उपकरणामागे एक, किंवा माणसामागे एक. पंगतीचा विचार करा. पाट मांडलेत दहा. पंगती कितीही उठल्या तरी पाट दहाच. हा झाला उपकरण कॅल. उलट, एकच पाहुणा सकाळी इथे, दुपारी तिथे, रात्री आणखी कुठे जेवतो. तिथे माणूस मोजणं परवडतं. हा झाला माणसी कॅल.

तीन उदाहरणं बघा.

एक, शाळेची संगणक प्रयोगशाळा. संगणक २०, विद्यार्थी ३००. माणसं मोजली तर ३०० कॅल, उपकरणं मोजली तर २०. उत्तर उघड आहे.

दोन, कर सल्लागाराचं ऑफिस. माणसं ५. प्रत्येकाकडे ऑफिसचा संगणक, लॅपटॉप आणि मोबाईल. उपकरणं मोजली तर १५, माणसं मोजली तर ५.

तीन, आपलं कृषी सेवा केंद्र. दुकानांतले संगणक ७. मालकाचा घरचा लॅपटॉप आणि मोबाईल मिळून २. हिशेबनीसाचा घरचा संगणक १. एकूण उपकरणं १०. आता माणसं मोजू. हंगामात दोन पाळ्यांत बसणारी मुलं १०, मालक १, हिशेबनीस १, एकूण १२. म्हणजे उपकरण कॅल बरा. हंगाम संपल्यावर मुलं कमी होतात हे खरं. पण माणसी कॅल घ्यायचे म्हटले तर ते हंगामातल्या बाराही जणांना पुरतील एवढे घ्यावे लागले असते. काउंटरवरचे संगणक मात्र बारा महिने तेवढेच राहतात.

दोन गोष्टी विसरू नका. पहिली, हिशेबनीस पगारावर नसला तरी तो सर्व्हरवर काम करतो, म्हणून तोही मोजायचा. दुसरी, एका सेशन होस्टवर एका वेळी एकच पद्धत लावता येते, उपकरणाची किंवा माणसांची. म्हणून खरेदीच्या आधीच ठरवा.

डोमेन आहे की वर्कग्रुप?

या निवडीला आणखी एक बाजू आहे. माणसी कॅलची नोंद ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेनमध्ये ठेवली जाते. छोट्या दुकानात बहुधा डोमेन नसतं, नुसता वर्कग्रुप असतो. वर्कग्रुपमध्ये माणसी पद्धत लावली, तर विंडोज सर्व्हर २०१९ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांवर परवान्यात अडचण असल्याची सूचना येते आणि ६० मिनिटांनी सेशन तुटतं. पुन्हा शिरलं की पुन्हा तेच. म्हणून नियम लक्षात ठेवा : वर्कग्रुप असेल तर उपकरण कॅल.

उपकरण कॅल कसा मिळतो तेही पाहू. एखादा संगणक पहिल्यांदा जोडला की त्याला ९० दिवसांचा तात्पुरता परवाना मिळतो. पुढच्या वेळी शिल्लक असेल तर कायमचा परवाना त्याच्या नावे होतो. हा 'कायमचा' परवानाही ५२ ते ८९ दिवसांचाच असतो, पण संगणक वापरात असेपर्यंत तो आपोआप नवा होतो. संगणक मोडीत निघाला तर मुदत संपल्यावर परवाना मोकळा होतो. घाई असेल तर हाताने काढून घेता येतो, पण एकूण परवान्यांच्या २० टक्क्यांपर्यंतच. आपल्या दहापैकी दोन.

कॅलची आवृत्तीही जुळवून घ्यावी लागते. सर्व्हर २०२२ चा असेल तर आरडीएस कॅल २०२२ चा किंवा त्याहून नवा हवा. २०१९ चा कॅल तिथे चालणार नाही. उलट चालतं, म्हणजे नवा कॅल जुन्या सर्व्हरला चालतो.

१२० दिवसांचा हिशेब

आता आजच्या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

आरडीएस बसवल्यावर मायक्रोसॉफ्ट १२० दिवसांची सवलत देतं. या काळात परवाना नसला तरी सगळे सेशन चालतात. सवलत यासाठी की तेवढ्यात तुम्ही परवाने घेऊन बसवावेत. पण घडतं उलटंच. काम चालू झालं की परवान्याची गोष्ट मागे पडते.

आपल्या दुकानात ७ फेब्रुवारीला आरडीएस बसवलं असं धरा. फेब्रुवारीचे उरलेले २१ दिवस, मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे ३१ आणि जूनचे ७. झाले बरोबर १२०. म्हणजे मुदत संपते ७ जूनला, मृगाच्या तोंडावर! दुकानासमोर पेरणीच्या बियाण्यासाठी रांग, आणि सर्व्हर म्हणतोय, परवाना देणारा लायसन्स सर्व्हर सापडत नाही. चार महिने सुरळीत चाललेली व्यवस्था नेमकी त्या दिवशी दार लावून बसते. रांगेतल्या शेतकऱ्याला कॅल म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला वाफसा असताना पेरायचं असतं.

अशा वेळी लोक दोन चुकीचे मार्ग धरतात. पहिला, सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन टाकणे, कारण देखभालीची दोन सेशन तरीही चालतात. म्हणजे काउंटरवरच्या प्रत्येकाच्या हाती तिजोरीची किल्ली. दुसरा, रजिस्ट्रीतली नोंद पुसून सवलतीचे दिवस पुन्हा मोजायला लावणे. हे अटींचं उल्लंघन आहे, आणि जो हे करून देतो तो मालकाला कायमचा स्वतःवर अवलंबून ठेवतो.

म्हणून साधी सवय लावा. आरडीएस बसवला त्याच दिवशी कॅलेंडरवर दोन तारखा लिहा : ९० वा दिवस आणि १२० वा दिवस. ९० व्या दिवसाआधी परवाने बसलेच पाहिजेत.

मांडणी : पायरीपायरीने

आरडीएसचे अनेक भाग आहेत. सेशन होस्ट म्हणजे जिथे प्रत्यक्ष काम होतं तो. लायसन्सिंग म्हणजे परवाने सांभाळणारा. कनेक्शन ब्रोकर अनेक होस्ट असतील तर माणसाला त्याच्या सेशनकडे नेऊन सोडतो. वेब ॲक्सेस ब्राउझरमधून दार दाखवतो. गेटवे बाहेरून येणाऱ्यांना सुरक्षित वाटेने आत घेतो. दहा जणांच्या वर्कग्रुपमध्ये पहिले दोन पुरतात आणि ते एकाच मशीनवर चालतात.

१. सर्व्हर मॅनेजर उघडा. 'ॲड रोल्स अँड फीचर्स' मध्ये जा. 'रोल-बेस्ड' पर्याय घ्या. दुसरा जो खास रिमोट डेस्कटॉपचा पर्याय दिसतो त्याला डोमेन लागतं.

२. रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसखाली सेशन होस्ट आणि लायसन्सिंग निवडा. मशीन पुन्हा सुरू करा.

३. लायसन्सिंग मॅनेजरमध्ये सर्व्हर ॲक्टिव्हेट करा. इंटरनेटने, दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून किंवा फोनवरून, तिन्ही मार्ग आहेत. मग विकत घेतलेले आरडीएस कॅल तिथे भरा.

४. एवढ्यावर थांबू नका. परवाने भरले तरी सेशन होस्टला ते कुठून घ्यायचे हे सांगावं लागतं. ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली 'लायसन्सिंग' हा भाग आहे. तिथे दोन नोंदी करायच्या : लायसन्स सर्व्हरचं नाव आणि पद्धत, म्हणजे उपकरण की माणसी. ही पायरी राहिली की पैसे भरूनही १२० व्या दिवशी दार बंद होतं.

५. 'लायसन्सिंग डायग्नोझर' उघडून तपासा. तिथे इशारा दिसला नाही तरच काम झालं म्हणायचं.

६. प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि ते 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात घाला. ॲडमिनिस्ट्रेटर्सच्या गटात नाही. 'काउंटर१' असं सगळ्यांचं मिळून एक खातं ठेवलं, तर चूक कुणी केली हे कधीच कळत नाही.

७. हिशेबाचं सॉफ्टवेअर सेशन होस्टचा रोल बसवल्यानंतर टाका. त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा परवानाही एकापेक्षा जास्त जणांचा आहे का, ते बघा. एमएस ऑफिस लागत असेल तर संगणकाबरोबर आलेली साधी प्रत सर्व्हरवर चालत नाही. सामायिक संगणकासाठी परवानगी असलेली योजना घ्यावी लागते.

८. सेशनची मुदत ठरवा. खिडकी बंद केली म्हणजे साइन आउट झालं असं नव्हे. सेशन मागे चालूच राहतं आणि मेमरी अडवून बसतं. तुटलेलं सेशन दोन-तीन तासांनी आपोआप संपेल असं लावून ठेवा. लाईट येईपर्यंत तेवढा वेळ पुरतो.

साध्या हिशेबाच्या कामाला माणसामागे १ ते २ जीबी मेमरी धरून चाला आणि सर्व्हरला एसएसडी डिस्क लावा.

दार उघडं टाकू नका

रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवरून चालतो. शाखा जोडण्यासाठी पुष्कळ जण राउटरवर हे पोर्ट सरळ इंटरनेटला उघडतात. म्हणजे बाजाराच्या दिवशी दुकानाचं मागचं दार सताड उघडं ठेवणं. जगभर असे प्रोग्राम रात्रंदिवस उघडी पोर्टं शोधत फिरतात आणि पासवर्ड लावून बघतात. पोर्टचा आकडा बदलला तरी ते शोधून काढतात.

मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी उघड झाली. तिच्यातून पासवर्ड नसतानाही जुन्या विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपच्या वाटेने शिरता येत होतं. ती इतकी गंभीर होती की, पाठिंबा केव्हाच थांबवलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली. घुसलेला माणूस डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतो, त्याला रॅन्समवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरचा हल्ला झाला की मोठ्या संस्थाही अडकतात. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. मग तीन दुकानांच्या सर्व्हरचं काय?

म्हणून या गोष्टी पाळा. शाखा व्हीपीएनने जोडा किंवा गेटवे वापरून ४४३ पोर्टवरून प्रमाणपत्रासह जोडा. व्हीपीएनसाठी मुख्य दुकानात स्थिर आयपी असलेलं कनेक्शन घ्या. 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन' चालू ठेवा. पाच-सहा वेळा पासवर्ड चुकला की खातं काही वेळ बंद होईल असं लावा. विंडोजची अपडेट रविवारी रात्री का होईना, पण वेळेवर घाला. बॅकअपच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर आणि सर्व्हरपासून सुटी. आणि महिन्यातून एकदा बॅकअप परत आणून बघा. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गल्ल्यातली रक्कम.

एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार कंपन्या आणि संस्थांनी अशा हल्ल्याची माहिती सहा तासांच्या आत कळवायची असते. पैशांची ऑनलाइन फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा.

हे सगळं लागतंच का?

शिक्षक म्हणून हाही प्रश्न विचारायला शिकवलं पाहिजे. दोन-तीनच माणसं असतील आणि सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल, तर आरडीएसची गरजच नाही. तुमचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत असेल, तर एक्सआरडीपीसारखा मुक्त पर्याय आहे, त्याला कॅल लागत नाहीत. विंडोजवर चालणारं जुनं सॉफ्टवेअर, अनेक काउंटर आणि एकच साठा, असं तिन्ही जमून आलं तर आरडीएस योग्य. आधी गरज मोजा, मग माणसं किंवा उपकरणं मोजा, आणि पैसे शेवटी. बाजारात कवडीमोल भावात मिळणाऱ्या 'की' घेऊ नका. आज ती चालली तरी ती तुमच्या नावावर नसते.

स्वाध्याय

१. एका पतसंस्थेत ६ संगणक आहेत, कर्मचारी ९ आहेत, बाहेरून कुणीच जोडत नाही, डोमेन नाही. कोणते आणि किती आरडीएस कॅल घ्याल? कारण लिहा.

२. १ मार्चला आरडीएस बसवला. सवलतीचा १२० वा दिवस कोणता? त्या सुमारास आपल्या भागात कोणतं काम जोरात असतं?

३. परवाने भरले, तरीही डायग्नोझर इशारा देतो. कोणती पायरी राहिली असेल?

उत्तरं पडताळून पाहा. पहिल्याचं : ६ उपकरण कॅल, कारण उपकरणं कमी आहेत आणि वर्कग्रुपमध्ये माणसी पद्धत नीट चालत नाही. जोडीला ६ सर्व्हर कॅलही लागतील. दुसऱ्याचं : २९ जून. त्या वेळी शिवारात काय चाललेलं असतं, ते घरच्यांना विचारून लिहा. तिसऱ्याचं : चौथी पायरी, म्हणजे ग्रुप पॉलिसीतल्या दोन नोंदी.

आपापल्या गावातलं एखादं दुकान, पतसंस्था किंवा शाळा निवडा आणि तिथली उपकरणं व माणसं मोजून वहीत तक्ता तयार करा. पुढच्या पाठात त्याच तक्त्यावरून खर्चाचा अंदाज कसा काढायचा ते पाहू.